उलट्या बाजूचा डोंगर

ताईनं आपल्या आईला हसताना पाहिलं आणि तिचा सबंध दिवस नासला. आईनं हसावं यात नासण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारील. पण झालं ते असं. दुपारची वेळ होती. दातांच्या लॅबमध्ये, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून ती कुणा गिऱ्हाइकाची कवळी घासत होती. घरघरणारं छोटं यंत्र, बोटांना लागलेली गुलाबी भुकटी, तोंडावर मास्क. डोळ्यांना विसावा म्हणून तिनं खाली रस्त्यावर पाहिलं, तर समोरच्या फुटपाथवर, बुटांच्या दुकानाबाहेर, आई. आईच्या शेजारी एक उंच, आखूड केसांची बाई, गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी. ती बाई हात फिरवून फिरवून काहीतरी सांगत होती आणि आई हसत होती. मान मागे टाकून, तोंड पार उघडून, वरच्या हिरड्या दिसतील इतकं. हिरड्या तरी कसल्या, त्या ताईनंच बनवल्या होत्या, तो गुलाबी रंगसुद्धा तीनदा बदलून. दातही तिच्याच हातचे. आईच्या तरुणपणीच्या फोटोवरून तिनं एकेक दात मेणात बसवला होता. पुढचा एक जरासा तिरका, कारण आईचा खरा दात तसा तिरका होता आणि तो सरळ केला असता तर आई आई दिसली नसती. लॅबचे मालक म्हणाले होते, "अहो, वाकडे दात लोक सरळ करून मागतात, तुम्ही सरळचे वाकडे काय करता?" तिनं तो तिरकाच ठेवला होता. त्या दातांनी आई तिच्यासमोर एकदाही अशी हसली नव्हती. घरी हसू आलंच तर तोंडावर हात. जेवताना कवळी काढून वाटीत ठेवायची, "टोचतात गं मेले," म्हणायची आणि ताईनं कुस्करून दिलेला मऊ घास हिरड्यांनी चघळत बसायची. आणि इथे भर रस्त्यात, भर उन्हात, एका शिट्टीवाल्या बाईसाठी सगळेच्या सगळे दात उघडे! घासता घासता ताईच्या हातातली कवळी जास्तच घासली गेली. मागच्या दाढेचा उंचवटा पार सपाट झाला, आणि तो भाग तिला पुन्हा नव्यानं करावा लागला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई नेहमीसारखी खुर्चीत, गुडघ्यावर शाल. पायांत घरातल्या सपाता. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई सकाळपासून उठलेलीच नाही. ताईनं भाजी शिजवली, कुस्करली, ताट पुढे ठेवलं आणि अगदी सहज, म्हणजे बसमध्ये बसून घोकून आणलेल्या सहजपणानं विचारलं, "आज बाहेर गेली होतीस?"

"कुठली बाहेर? गुडघे मेले जाऊ देतात का?"

"नाही, बुटांच्या दुकानाशी दिसलीस मला. वरून."

आईनं घास गिळला. तो मऊ होता, तरी गिळायला तिला वेळ लागला. "हां, ते होय," ती म्हणाली. "ते म्हणजे... रविवारच्या फिरायच्या ग्रुपातल्या त्या पी.टी.च्या बाई. शाळेत असतात. सगळे त्यांना शिट्टीबाईच म्हणतात. भेटल्या वाटेत."

"बागेत फिरता तोच ग्रुप ना?"

"बागेतच असं नाही. जरा पुढे."

"किती पुढे?"

"डोंगर आहे एक," आई म्हणाली आणि घाईघाईनं पुढे म्हणाली, "लहानसाच."

घ्या! ज्या बाईला दुसऱ्या मजल्यावरच्या घरी यायला प्रत्येक वळणावर ताईचा खांदा लागतो, ती दर रविवारी डोंगर चढते. आणि ताई इतके रविवार लॅबमधली जादा कामं उरकत बसलेली, आई बागेच्या बाकावर बसून पाखरं बघतेय अशा समजुतीत. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, जास्त जुनं, जास्त ओशाळवाणं. लहानपणी धाकट्या भावाला आई मांडीवर घ्यायची तेव्हा पोटात जे व्हायचं, ते. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. आता केस पांढरे व्हायला लागले होते, आणि तरीही तेच, तिथंच. मत्सर. त्याला दुसरा शब्द नव्हता आणि तिनं तो शोधलाही नाही. "या रविवारी मीही येते," ती म्हणाली. आईनं चमचा खाली ठेवला. "तू? तुला कशाला उगाच त्रास?" ताईला सगळ्यात जास्त तेच लागलं. दुसऱ्याच्या घरच्या पाहुणीला म्हणावं तसं आई म्हणाली होती, तुला कशाला त्रास.

रविवारपर्यंतचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. त्यात आणखी एक गोष्ट होती जी तिनं आईला सांगितली नव्हती. एका लांबच्या शहरातल्या दंतमहाविद्यालयातून फोन आला होता: कवळ्या बनवायचं काम मुलांना शिकवायला या, राहायला जागा देतो, सोमवारपर्यंत कळवा. ती नाही म्हणणार होती. आजवर अशा फोनांना ती नाहीच म्हणत आली होती, आणि खरं सांगायचं तर त्या नाही म्हणण्यात तिला एक गोडी वाटायची. पलीकडचा माणूस कारण विचारतो, आपण म्हणतो, "आई असते ना घरी, तिला कोण बघेल", पलीकडे क्षणभर शांतता होते, मग मऊ आवाजात, "हो, हो, बरोबर आहे तुमचं." ती शांतता ताईची कमाई होती. एक्स-रेवाल्याच्या वेळीही तसंच झालं होतं. इस्पितळात एक्स-रे काढणारा तो लाजाळू माणूस वर्षभर लॅबमध्ये काही ना काही निमित्तानं यायचा. शेवटी बदली झाली तेव्हा म्हणाला, "येणार का बरोबर?" तिनं आईचं कारण सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनाही घेऊन येऊ." यावर काय बोलायचं ते तिनं ठरवलेलंच नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "तिला हवा मानवायची नाही." हवा! आईला विचारलंसुद्धा नव्हतं. आणि आता तीच आई, जिला कुठलीही हवा मानवत नाही, ती कुठल्याशा डोंगरावरची हवा छाती भरभरून घेते, शिट्टीबाईबरोबर.

रविवारी सकाळी मिनीबसनं सगळे डोंगराच्या पायथ्याशी उतरले. हवेत ओल्या पाल्याचा वास होता. समोर झाडीनं गच्च भरलेले उतार, एकामागे एक. फार उंच नाहीत, पण ताईच्या डोळ्यांना ते पुरेसे उंच होते. ग्रुपचा म्होरक्या एक निवृत्त पोस्टमास्तर होता, गोल चेहऱ्याचा, हातात काठी, बोलण्याची हौस दांडगी. "नवीन मंडळींसाठी सांगतो," तो म्हणाला, आणि नवीन मंडळी म्हणजे एकटी ताई असल्यामुळे तिच्याकडेच बघत म्हणाला, "दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं आहे. जवळूनही साजरे असतात, फक्त दम लागतो. वाट गोल आहे. इथून निघायचं, इथंच यायचं. आपली पद्धत अशी, की निम्मे डावीकडून जातात, निम्मे उजवीकडून. मध्यावर, वरच्या मोकळ्या जागेत, भेटायचं, खायचं, आणि मग आपापल्या दिशेनं पुढे. म्हणजे गर्दी होत नाही आणि मधे गप्पा मारायला नवीन माणसं मिळतात. दुसरी पद्धत: एका घरची माणसं एका बाजूनं जायची नाहीत."

"ते का?" ताईनं विचारलं.

"अहो, नवराबायको एका बाजूनं गेले की अर्धा डोंगर भांडणात जातो. उरलेला अबोल्यात."

सगळे हसले. हा विनोद ते दर रविवारी ऐकत असणार आणि दर रविवारी हसत असणार. आईही हसली, तोंडावर हात ठेवून, कारण ताई बघत होती. मग शिट्टीबाईनं शिट्टी वाजवली, उजवीकडची मंडळी उजवीकडे वळली, आणि त्यांत आई. आई कॅनव्हासचे नवे बूट घालून होती. बुटांच्या दुकानाचं कोडं असं सुटलं. झाडांत शिरण्याआधी तिनं वळून ताईकडे पाहिलं आणि एक पाय किंचित ओढत दोन पावलं टाकली. मग वाटेचं वळण आलं आणि ती दिसेनाशी झाली.

डावीकडची वाट सुरुवातीला रुंद होती, पाल्यानं झाकलेली, पाय टाकला की दबणारी. ताईबरोबर पोस्टमास्तर, एक बेकरीवाला आणि त्याची हातभर मागे राहणारी शेजारीण. ते बोलत होते, आणि ताई त्यांना हां-हूं करत मनानं उजवीकडच्या वाटेवर चालत होती. आता ती शिट्टीबाई आईच्या किती जवळून चालत असेल? चढावर आई कुणाचा खांदा धरत असेल? आईचा हात ताईला पाठ होता, कातडी सैल झालेला, अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग असलेला. तो दुसऱ्या खांद्यावर ठेवलेला तिला दिसला आणि तिला आपला खांदा उघडा पडल्यासारखा वाटला. शिट्टीबाई तिच्याच वयाची होती, एखादं वर्ष मागंपुढं. म्हणजे आईनं लेकीच्याच वयाची बघून निवडली होती. आयत्या बिळावर नागोबा! रात्रीचं उठणं कुणी काढलं, डोळ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर थेंब कुणी घातले, हिरड्यांचे ठसे घेताना आईला उमासे आले तेव्हा तिचं कपाळ कुणी धरलं? त्या दिवशी मालकांना सुट्टी होती. ताईनं स्वतःच आईला लॅबमधल्या खुर्चीत बसवलं होतं. बोटांनी तिचा खालचा ओठ बाजूला करून तिनं त्या बोळक्या, गुळगुळीत, लहान बाळासारख्या तोंडात पाहिलं तेव्हा तिला रडू आलं होतं आणि त्याचबरोबर, देवाशपथ, सुखही वाटलं होतं. इतक्या आतपर्यंत आईच्या जवळ जगात दुसरं कुणी जाऊ शकणार नाही असं. धाकटा तर नाहीच. तो लांबच्या देशात बसून पडद्यावर आईशी बोलायचा आणि आई त्याच्यासाठी कवळी लावून, केस सारखे करून बसायची. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

चढ लागला. झाडं उंच आणि सरळ झाली, खाली नेचे, दगडांवर शेवाळ. कुठून तरी पाण्याचा आवाज येत होता पण पाणी दिसत नव्हतं. ताईला धाप लागली. दिवसभर खिडकीशी बसून काम करणारं शरीर ते. मांड्या थरथरायला लागल्या, कानांत रक्त वाजायला लागलं. पोस्टमास्तर थांबून म्हणाला, "सावकाश, सावकाश. पत्र पोचायला वेळ लागला तरी चालतो, गहाळ झालं नाही म्हणजे झालं." ती एका खोडाला टेकली. आणि तिथं, त्या ओल्या खोडाला पाठ लावून, तिच्या मनात एक विचार आला. आईचा पाय मुरगळावा. फार नाही, थोडासाच. इतकाच की शिट्टीबाईला कळावं ही बाई म्हणजे काय जबाबदारी आहे. की सगळ्यांनी ताईकडे वळून म्हणावं, तुम्ही बरं सांभाळता हो यांना. मग ती आईला घरी नेईल, पाय कोमट पाण्यात धरील, पट्टी बांधील, आणि रविवार पुन्हा पहिल्यासारखे होतील. विचार आला आणि तिला आपलीच किळस आली. "शी!" ती मोठ्यानं म्हणाली. बेकरीवाल्याला वाटलं तिला जळू चिकटली. तो बिचारा खाली वाकून तिचे बूट बघू लागला.

वरची मोकळी जागा म्हणजे गवताचा एक मोठा तुकडा, कडेला आडवे पडलेले ओंडके. तिथं कुणीच नव्हतं. ताईच्या छातीत धस्स झालं, आणि त्या धस्स होण्याच्या पोटात एक बारीक, दुष्ट आनंदही हलला: बघा, म्हटलं नव्हतं मी, तिला झेपणार नाही. "अजून आले नाहीत," ती म्हणाली. "आईला दम लागला असणार. मी पुढे जाऊन बघते." पोस्टमास्तर ओंडक्यावर बसून पाव काढत होता. "अहो, ते केव्हाच आले असतील," तो म्हणाला. "वर त्या सुळक्यावर गेले असतील. तुमच्या आईंना तिथं गेल्याशिवाय चैन पडत नाही." आणि खरंच, वरच्या झाडीतून शिट्टी ऐकू आली, मग हसणं, मग माणसं उतरताना दिसली. आई सगळ्यांत पुढे. गाल लाल, केस विस्कटलेले, कपाळावर घाम. तिचं लक्ष ताईकडे नव्हतं. ती मागे वळून कुणाला तरी काही सांगत होती, आणि ताईला जी बाई दिसत होती ती तिच्या ओळखीची नव्हती. फोटोतली होती. ज्या फोटोवरून तिनं दात बसवले त्या फोटोतली.

"अगंबाई, आलात का तुम्ही," आई म्हणाली, आणि लगेच ओंडक्यावर बसली, गुडघ्याला हात लावला. "दमलीस का गं ताई?"

"मी नाही दमले," ताई म्हणाली. ती घामानं निथळत होती.

शिट्टीबाईनं पिशवीतून सफरचंदं काढून सगळ्यांना वाटली. आईच्याही हातात एक दिलं, अख्खं. ताईचा हात आपोआप पुढे झाला, चाकू मागायला, कारण घरी सफरचंद म्हणजे साल काढून, उकडून, कुस्करून. पण आईनं ते सवयीनं तोंडाशी नेलंही होतं. तिनं ते कडेनं चावलं, दोन्ही बाजूंच्या दाढांवर जोर सारखा पडेल असं. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, कवळी सुटते, हे ताईनंच तिला शिकवलं होतं आणि आई "मला नाही बाई जमायचं" म्हणाली होती. कर्रकन आवाज आला. मग तिची नजर ताईच्या नजरेला भिडली आणि आईचं चावणं मंदावलं. कुणी चोरी पकडावी तशी ती सफरचंद हातात धरून बसली. "खा की," ताई म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून कडू निघाला.

शिट्टीबाई तिच्याजवळ येऊन बसली. जवळून ती थकलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातांना घट्टे. "दात तुमच्या हातचे ना?" ती म्हणाली. "सगळ्यांना सांगतात. एकदा तर काढून दाखवायला निघाल्या होत्या, म्हटलं राहू द्या, आमचा विश्वास आहे. तो तिरका दात मुद्दाम केलाय म्हणे." आई हे सगळ्यांना सांगते? मग तिला का नाही सांगितलं? इतक्या वर्षांत एकदा, आरशात बघून, छान झालेत गं, इतकंसुद्धा नाही. म्हणजे कौतुकही होतं, प्रेमही होतं, सगळं होतं, आणि ते सगळं आई पिशवीत भरून दर रविवारी इथं डोंगरावर आणून वाटत होती. घरी फक्त गुडघे उरत होते. "तुमची आई आहे का?" ताईनं विचारलं, जरा फटकन. शिट्टीबाई म्हणाली, "आहे. ओळखत नाही मला. परकी बाई समजून भांडते." आणि सफरचंदाचा देठ ओढत बसली. ताईला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण मत्सराला दुसऱ्याचं दुःख दिसलं की तो काही पळून जात नाही. जरा सरकून बसतो, इतकंच.

पोस्टमास्तरनं काठी आपटली, उठा म्हणाला. ताई उभी राहिली आणि म्हणाली, "मी आता आईबरोबर जाते. उतार आहे, तिला धरायला कुणीतरी हवं." बोलताना तिनं आईकडे पाहिलं नाही. आईच म्हणाली, "नको गं. पद्धत आहे ना त्यांची." इतक्या हळू, इतक्या गोड आवाजात की बाकीच्यांना त्यात फक्त शिस्त ऐकू आली असेल. ताईला त्यातलं 'नको' तेवढं ऐकू आलं. आई शिट्टीबाईच्या बरोबर निघाली, आणि ताई, इतकी मोठी बाई, दातओठ खात त्या वाटेवर निघाली जिच्यावरून आई वर आली होती.

ती वाट रुंद नव्हती, पाल्याची नव्हती. ते सरळसोट दगड होते. झाडांची मुळं दगडांतून बाहेर आलेली, त्यांना धरून उतरायचं. ताई पहिल्याच टप्प्यावर बसली आणि बसल्या बसल्या घसरत खाली आली, पँटला चिखल, तळहात खरचटलेला. वर पाहिलं तर तो टप्पा तिच्या डोक्याहून उंच होता. "आई इथून चढली?" ती म्हणाली. "मग!" पोस्टमास्तर म्हणाला. "पहिल्यांदा रडल्या होत्या इथं. रडत रडत चढल्या. आता काय, मुळांना नावं दिलीत त्यांनी. हे धरताय ना, हे त्यांचे जावईबापू. घट्ट आहे पण वाकडं आहे म्हणतात." जावई नसलेल्या बाईनं झाडाच्या मुळाला जावईबापू म्हणावं! ताईनं ते मूळ दोन्ही हातांनी धरलं. दगडांच्या बेचक्यात मऊ मातीवर बुटांचे ताजे ठसे होते, कॅनव्हासच्या बुटांचे, वरच्या दिशेनं तोंड केलेले. शेजारी दुसरा ठसा नव्हता. कुणी धरलं नव्हतं तिला. ठसे घ्यायचं, वाचायचं काम ताईनं जन्मभर केलं होतं. कुठं दाब जास्त, कुठं कमी, तोंड कुठल्या बाजूला वळतं, हे तिला मेणावर बोट फिरवून कळायचं. या ठशांत टाच आणि चवडा दोन्हीवर दाब सारखा होता. लंगडणाऱ्या बाईचे ते ठसे नव्हतेच.

"तुमच्याबद्दल फार बोलतात हं," पोस्टमास्तर पुढून म्हणाला. त्याला कुणाचं मन दुखवायचं नव्हतं. त्याला फक्त बोलायचं होतं.

"काय बोलतात?"

"हेच, की मुलीला जपावं लागतं. एकटी आहे, तिला काहीतरी करायला हवं असतं. म्हणाल्या, ती घरी असली की मी जिना आपली हळूहळू चढते, खांदा धरते. नाहीतर तिला वाटेल हिला आता माझी गरजच नाही. आम्ही हसलो तेव्हा. म्हटलं, अहो, खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे! तर त्यांना ते आवडलं नाही. म्हणाल्या, असं म्हणू नका, पोर फार करते माझं." तो थांबला. मागून ताईच्या पावलांचा आवाज येत नव्हता. "काय झालं? मुळात अडकला का पाय?"

"नाही," ताई म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे."

ती दगडावर बसून राहिली. ओल पँटमधून आत आली. तिला वाटलं आता आपल्याला राग येईल, आणि ती रागाची वाट बघत बसली. आला तो मत्सरच, पण या खेपेस शिट्टीबाईचा नव्हता. तिला आईचाच हेवा वाटला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, त्याग म्हणजे आपली मक्तेदारी. रात्रीची जाग, कुस्करलेले घास, एक्स-रेवाला, फोनवरची ती मऊ शांतता, सगळं आपल्या खात्यावर. आणि समोर खुर्चीत गुडघ्यावर शाल घेऊन बसलेली बाई, धडधाकट दात वाटीत काढून ठेवून, नको असलेला मऊ घास मुकाट्यानं चघळत, तिच्याहून मोठा त्याग करत होती, आणि तोही हूं की चूं न करता. इथंही तिनंच बाजी मारली! उकडलेलं सफरचंद आईला आवडत नसणारच, कुणाला आवडतं? किती वाट्या उकडलेली सफरचंदं. मग तिला दिसलं, की आपण दोघी एकमेकींना धरून बसलो होतो आणि दोघींना वाटत होतं, आपण सोडलं तर दुसरी पडेल. वाऱ्यानं वरची झाडं हलली, थोडं पाणी तिच्या मानेवर पडलं. तिनं मान पुसली आणि उठली.

पायथ्याशी तिची मंडळी आधी पोचली. बेकरीवाला मिनीबसच्या पायरीवर बूट काढून बसला. ताई बसच्या पलीकडच्या बाजूला, सावलीत उभी राहिली. लपायचं असं काही तिनं ठरवलं नव्हतं. झाडीतून शिट्टी आली आणि मागोमाग आई, उतारावरून जवळजवळ धावत. वाटेच्या शेवटाला पाण्याची एक अरुंद चर होती. आईनं क्षणभर थांबून ती बघितली आणि उडी मारली. साधी, नीट, दोन्ही पायांवर येणारी उडी. शिट्टीबाईनं टाळ्या वाजवल्या. ताईनं बसच्या मागून बाहेर पाऊल टाकलं.

आईनं तिला पाहिलं, आणि तिचं अंग बदललं. आधी खांदे खाली आले, मग पाठ वाकली, मग एक पाय मागे रेंगाळायला लागला. एका माणसाच्या अंगात दुसरं माणूस इतक्या लवकर येतं हे ताईनं कधी पाहिलं नव्हतं. आई तिच्यापर्यंत आली, "आई गं," म्हणाली, "पार मोडले बाई मी आज," आणि हात पुढे केला. "धर जरा."

ताईनं खांदा दिला. आईचा हात येऊन त्यावर बसला. ताई नुसती उभी राहिली आणि तिनं त्या हाताकडे, तो खांद्यावर कसा बसलाय याकडे, सगळं लक्ष लावलं. त्याला वजन नव्हतं. पाखरू बसावं तसा तो बसला होता, केव्हाही उडून जाता येईल असा. जिन्याच्या प्रत्येक वळणावर, इतकी वर्षं, तो असाच बसत असणार. आणि आपल्याला वाटायचं, आपण पेलतोय. ती म्हणू शकली असती, मला कळलं सगळं. भांडू शकली असती, रडू शकली असती, आणि पोस्टमास्तरचा विनोद खरा करून दाखवू शकली असती. पण ते म्हटलं असतं तर आईच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं असतं, आणि तेवढं वाईट तिला व्हायचं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मला एक नोकरी आलीय. लांबच्या शहरात. कॉलेजात शिकवायचं. उद्या हो म्हणून कळवतेय."

"कधी जायचंय?" आईनं विचारलं. कुठे नाही, किती पगार नाही, माझं काय तेही नाही. लगेच, आनंदानं, इतक्या तयारीनं की हा प्रश्न ती कितीतरी वर्षं तोंडात धरून बसली असावी. तिचा चेहरा उजळला होता, शेजारी शिट्टीबाई ऐकत होती, पोस्टमास्तर "वा, वा" म्हणत होता. "कधी गं? मला सांगायचं नाही होय आधी? बरं झालं बाई. बरं झालं."

"पुढच्या महिन्यात," ताई म्हणाली.

आई मान हलवत राहिली, हसत राहिली, आणि ताईच्या खांद्यावरच्या हाताची बोटं हळूहळू आवळली गेली. मग त्या हातावर वजन यायला लागलं. आधी पंजाचं, मग दंडाचं, मग सगळ्या बाईचं. गुडघे खरेच वाकले, पाय खरेच लटपटले. ताईला एका बाजूला झुकावं लागलं इतकी आई जड होती. तिनं दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले.